पावसाळाभर वापरलेला इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कशाचा कापला ते पुढे येईलच. त्यातला अर्धा खरं तर माझ्याच नावावर जायला हवा.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्याने विकला तो मुलगा ओळखीचा आहे, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीचा घेतलात तरी उपयोगी पडेल. किंमत मात्र सांगते. साडेसव्वीस हजार. हा आकडा ऐकून आमच्या घरात दोन दिवस शांतता होती.

मी गोव्यात, डिचोलीत जनरल प्रॅक्टिस करते. बसस्टँडपासून पाच मिनिटांवर एक गाळा, वर पत्रे, बाहेर बाकडं. बत्तीस वर्षं झाली. इतकी वर्षं साधा, दोन नळ्यांचा, जड चकतीचा स्टेथोस्कोप वापरला. नळ्या दोनदा बदलल्या, कारण आपल्याकडच्या घामाने आणि स्पिरिटने त्या कडक होतात आणि मग वाकवल्या की तडकतात. कानातली बोंडं किती वेळा बदलली त्याचा हिशेब नाही. तोच चालला असता. पण गेल्या वर्षी माझ्याच कानांची तपासणी करून घेतली. कागदावरची रेषा डावीकडून चांगली सपाट येते आणि २००० हर्ट्झच्या पुढे, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, जिन्यावरून पाय घसरल्यासारखी खाली जाते. कानाचा डॉक्टर माझ्या वर्गातला. तो म्हणाला, "वयाचं आहे ग, यात काय विशेष." विशेष हे की नवरा "साखर संपली" म्हणतो आणि मला "आखर अंपली" ऐकू येतं. घरी चालून जातं. रुग्णाच्या छातीवर नाही चालत.

म्हणून हे यंत्र.

डब्यावर "चाळीसपट मोठा आवाज" असं छापलेलं आहे. चाळीसपट किती असतो हे मला मोजता येत नाही, पण आवाज भरपूर वाढतो, इतका की पहिल्या दिवशी पूर्ण वाढवून एका आजींच्या छातीवर ठेवला आणि त्यांच्या मंगळसूत्राची वाटी चकतीला घासली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. आवाज वाढवणं म्हणजे सगळेच आवाज वाढवणं. छातीवरचे केस, बनियनची शिवण, आपल्याच बोटाची थरथर, सगळं लाटेसारखं कानावर येतं. चकती घट्ट धरायची आणि हलवायची नाही, हे विद्यार्थी असताना शिकलेलं पुन्हा नव्याने शिकावं लागलं.

हृदयासाठी यंत्र उत्तम. झडपेचा जो बारीक फुत्कार मला गेली दोन-तीन वर्षं "आहे की नाही, आहे की नाही" असा वाटायचा, तो आता स्पष्ट आहे. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहीत नाही, कारण ते सगळेच लिहितात. मला छातीतल्या बोलण्याबद्दल लिहायचंय.

रुग्ण श्वास घेतो ते सगळेच डॉक्टर ऐकतात. रुग्ण बोलतो ते छातीवर स्टेथोस्कोप ठेवून किती जण ऐकतात? एक्सरे आला, सोनोग्राफी आली, आणि ही सवय हळूच गेली. आमच्या वेळी कॉलेज पणजीला मांडवीकाठी होतं, आता जिथे इफ्फीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, सिनेमे दाखवतात त्या इमारतीत. पोर्तुगिजांनी १८४२ साली सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं कॉलेज, त्यामुळे आमच्या सरांना जुन्या गोष्टींचा भारी अभिमान. छाती तपासताना रुग्णाला बोलायला लावलं नाही तर सर केसपेपर परत देत. "याला तोंड आहे ना? मग बोलू दे की!"

आवाज ऐकायचा तो कशासाठी, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निरोगी फुफ्फुस म्हणजे कुरमुऱ्यांचं पोतं. कोट्यवधी बारीक पिशव्या, प्रत्येकीत हवा. पोत्याच्या एका बाजूने बोललात तर पलीकडे जाड, घुसमटलेली गुणगुण पोचते, शब्द पोचत नाहीत, कारण बारीक, उंच पट्टीचे आवाज वाटेतच जिरतात आणि खालच्या पट्टीचे तेवढे पार होतात. म्हणून चांगल्या छातीवर कान ठेवला की माणूस "एक-एक-एक" म्हणतो आणि आपल्याला "घुं-घुं-घुं" ऐकू येतं. न्यूमोनियात त्या पिशव्यांत हवेच्या जागी स्राव भरतो. कुरमुऱ्यांचं पोतं पावसात भिजून घट्ट गोळा झालं असं समजा. त्यातून उंच पट्टीचे आवाजही आरपार येतात. माणूस छातीतूनच आपल्या कानात बोलतोय असं वाटतं. ही ब्रॉन्कोफनी.

त्याच माणसाला "ई" म्हणायला लावा. चांगल्या छातीवर "ई"च ऐकू येते, बोथट. घट्ट झालेल्या भागावर ती "ए" होते, आणि तीही नाकातली. इथे आम्ही मराठी माध्यमातल्या मुलींनी एक घोळ घातला होता. पुस्तकात लिहिलेलं असतं की इंग्रजीतलं पाचवं अक्षर पहिल्या अक्षरासारखं ऐकू येतं. आम्ही ते "ई"चं "आ" होतं असं पाठ केलं आणि सहा महिने वॉर्डात "आ" शोधत फिरलो. "आ" कुणाच्याच छातीत नव्हतं. शेवटी एका सिस्टरनं सांगितलं, अक्षराचं नाव बघा, उच्चार नको.

याला इगोफनी म्हणतात. त्या नावातल्या "इगो"वरून वॉर्डात जे विनोद व्हायचे ते लिहीत नाही. त्याचा अहंकाराशी काही संबंध नाही. ग्रीकमध्ये बकरीला जो शब्द आहे त्यावरून ते आलंय. रेने लॅनेक या फ्रेंच डॉक्टरने हे नाव ठेवलं. १८१६ साली पॅरिसच्या नेकर इस्पितळात एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं बरं दिसेना, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ऐकलं. पुढे लाकडी नळी केली आणि १८१९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. छातीतला बोलण्याचा आवाज बकरीसारखा थरथरतो हे त्याला जाणवलं. त्याचे कान किती बारीक असतील! १८२६ साली तो क्षयाने गेला, ज्या रोगाच्या छात्या त्याने आयुष्यभर ऐकल्या त्याच रोगाने.

मी पेडण्याची. आमच्या घरी बोकड्या होत्या. त्यामुळे पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला सरांनी सांगायची गरज पडली नाही. छातीत पाणी झालेली एक बाई होती. पाण्याच्या जागेवर बोलणं जवळजवळ ऐकूच येत नव्हतं, कारण फुफ्फुस आणि बरगड्या यांच्या मध्ये पाण्याचा थर आला की आवाज तिथूनच मागे फिरतो. मात्र पाण्याच्या वरच्या काठावर, जिथे फुफ्फुस दाबलं गेलेलं असतं, तिथे चार बोटांच्या पट्ट्यात साक्षात बोकडी. एक बोट खाली सरकलं की गप्प, एक बोट वर की नेहमीचं.

आणि तिसरं, माझं सगळ्यात आवडतं: कुजबुज. रुग्णाला कुजबुजत "एक, दोन, तीन" म्हणायला सांगायचं. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाजच नसतो, फक्त हवेची सरसर. चांगलं फुफ्फुस ती जवळजवळ सगळी गिळून टाकतं. घट्ट फुफ्फुसातून मात्र शब्दन्‌शब्द येतो. लहान मुलांना "माझ्या कानात गुपित सांग" म्हटलं की ती खुशीने कुजबुजतात. आणि रडणाऱ्या मुलाचं रडणं हाही आवाजच असतो, तो वाया घालवू नये. याचं भारदस्त नाव व्हिस्पर्ड पेक्टोरिलोक्वी. लॅटिनमध्ये अर्थ साधा, छातीने बोलणे. लॅनेकला वाटायचं की छाती बोलली म्हणजे आत क्षयाची पोकळी असणार. आता आपल्याला माहीत आहे की घट्ट झालेलं फुफ्फुसही बोलतं.

आता यंत्राकडे येते.

जुलैतला बुधवार. बुधवारी डिचोलीचा बाजार, त्यात पाऊस असा की पत्र्यावर कुणी खडी ओततंय. मयेचा एक माणूस आला, सत्तरीचा, कुळागर (सुपारीची बाग) सांभाळणारा, डोक्यावर खोळ. "बाय, चार दीस जाले जोर येता." (गोव्याबाहेरच्यांसाठी: कोकणीत जोर म्हणजे ताप. पुण्याहून आलेली एक नवी डॉक्टर "कुठे जोर येतो, पोटात?" असं विचारत बसली होती.) खोकला, उजव्या कुशीत कळ, खिशात विड्या.

पाठीवर बोटाने ठोकलं. डावीकडे पोकळ, उजवीकडे खाली बद्द, भाजणीत फसलेल्या मडक्यासारखं. मग नवं यंत्र लावलं. "बाबा, एक-एक-एक म्हणा." दोन्हीकडे ढोलासारखं घुं-घुं. उजवीकडे थोडं मोठं, पण शब्द नाही. "ई म्हणा." धूसर. "आता हळू, कुजबुजून, एक दोन तीन." काहीच नाही. चाळीसपट मोठं काहीच नाही.

बोट एक सांगतंय आणि साडेसव्वीस हजार दुसरंच. अशा वेळी माणूस किमतीवर विश्वास ठेवतो, हे कबूल करते. अर्धा मिनिट मीही ठेवला. मग खणातून जुना काढला, बाहेरच्या आवाजाला शिव्या घातल्या, डोळे मिटले. त्या पावसातही ते आलं. बारीक, माझ्या म्हाताऱ्या कानांना पुरेल न पुरेल इतकं, पण शब्दांत. एक. दोन. तीन. जणू म्हातारा पाठीतून माझ्याशी बोलत होता.

मी यंत्राला बाद करून टाकलंच होतं. आमच्या कंपाउंडरने ते उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "बाई, हांगा काळजाचें चित्र पेटलां." मी म्हाताऱ्याच्या आधीच्या रुग्णाचं हृदय ऐकलं होतं, आणि यंत्र हृदयाच्या मोडवरच होतं. माहितीपत्रकात दिलंय की त्या मोडमध्ये २० ते २०० हर्ट्झचेच आवाज उठून दिसतात. म्हणजे खालच्या पट्टीचे. म्हणजे जे चांगलं फुफ्फुस करतं तेच यंत्र करत होतं, उंच पट्टीचं सगळं गाळून टाकत होतं! आजारी फुफ्फुसाला यंत्रच निरोगी करून दाखवत होतं. मी माहितीपत्रक वाचलेलं नव्हतं. कंपाउंडरने वाचलं होतं, तो औषधांच्या खोक्यावरची बारीक अक्षरंही वाचतो.

बटण दाबून फुफ्फुसाच्या मोडवर आणलं आणि म्हाताऱ्याला पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलं. तो वैतागला नाही, उलट त्याला मजा येत होती. आणि आता लिहायला आनंद वाटतो: सुरेख. "एक-एक-एक" कानापाशी. "ई"ची "ए", नाकातली, थरथरती. कुजबुज तर अशी की "तीन"मधला "त"सुद्धा वेगळा कळला. पत्र्यावरचा पाऊस मागे कुठेतरी दूर. जुन्या स्टेथोस्कोपने हे मला वीस वर्षांपूर्वी ऐकू आलं असतं, आज नाही.

म्हणून यंत्राला मी वाईट म्हणत नाही. पण दर वेळी बंद करून चालू केलं की ते परत हृदयाच्या मोडवरच येतं. का? ज्याने हे बनवलं त्याला खोकला कधी झालाच नसावा. यासाठी एक तारा गेला. त्यातला अर्धा, मोड न बघता छातीवर लावलं म्हणून, माझा.

आजूबाजूचा गोंगाट कमी करायची एक वेगळी सोय आहे. पावसात आणि बाजारात ती फार कामाची, पण तिचा जोर पूर्ण वाढवला तर कुजबुज विहिरीच्या तळातून आल्यासारखी येते. माझा संशय असा की तिला कुजबुजही गोंगाटच वाटते. मी ती अर्ध्यावर ठेवते. पंखा मात्र स्वतः उठून बंद करावा, त्याला पैसे पडत नाहीत.

ॲप आहे. फोनवर लाटा दिसतात, आवाज साठवता येतो. त्या लाटा रुग्णांना फार आवडतात, "हें म्हजें काळीज?" म्हणून फोटो काढतात. ॲप हृदयाच्या आवाजावर "सामान्य" किंवा "तपासून घ्या" असं सांगतं. छातीतल्या बोलण्यावर काहीही सांगत नाही, आणि सांगणारही कसं? "आता कुजबुजा" असं ते रुग्णाला म्हणत नाही. शिवाय मीच कुणाला बोलायला लावलं नसतं तर कितीही पट वाढवून ऐकायला काही नव्हतं. साठवायची सोय मात्र एकदा फार उपयोगी पडली. एका मुलीच्या छातीतली बोकडी मी माझ्या भाचीला पाठवली, ती बांबोळीला, आमच्या कॉलेजच्या आताच्या जागी, शिकतेय. तिने उत्तर पाठवलं, "मावशी, हे पुस्तकात आहे, मी प्रत्यक्षात पहिल्यांदा ऐकलं."

बॅटरी चांगली आहे, माझ्या ओपीडीला चार-पाच दिवस पुरते. वीज गेली तरी अडत नाही, बंद असताना साध्या स्टेथोस्कोपसारखंही चालतं, फक्त तेव्हा आवाज माझ्या जुन्यापेक्षा पातळ वाटतो. वजन जास्त. संध्याकाळी मानेवर जाणवतं. ऑगस्टमध्ये एका कानाचं बोंड हरवलं, आणि ज्यांच्याकडे दुरुस्ती-सुटे भाग असतात त्यांनी ते पाठवायला तीन आठवडे घेतले. रबराच्या एका बोंडाला! मधल्या काळात जुन्याचं बोंड बसवून बघितलं, ते ढिलं पडलं. फोनवरचा मुलगा दर वेळी "मॅडम, उद्या निघेल" म्हणायचा. राहिलेला अर्धा तारा तिथे गेला.

घ्यावा का? कान तरणे असतील आणि खोली शांत असेल तर चांगला साधा स्टेथोस्कोप घ्या आणि एवढे पैसे वाचवा. कानातली बोंडं नाकाच्या दिशेने तोंड करून घाला (उलटी घालणारे डॉक्टर मी पाहिलेत), चकती कपड्यावरून नको, उघड्या अंगावर ठेवा, आणि रुग्णाला बोलायला लावा. माझ्या वयाचे असाल, वर पत्रे असतील, बाहेर बाजार असेल, तर घ्या. फक्त चित्र बघून घ्या, काळजाचं आहे की फुफ्फुसाचं. आणि आवाज ऐकू आले नाहीत म्हणजे आत काही नाही असं समजू नका. श्वासनळी कफाने बंद असेल तर घट्ट फुफ्फुसही मुकं राहतं. बोललं तर विश्वास ठेवा, गप्प राहिलं तर एक्सरे काढा.

मयेच्या बाबांचाही काढलाच. उजवीकडे खाली पांढरा डाग, जिथे बोट आणि जुना स्टेथोस्कोप सांगत होते तिथेच. इस्पितळात राहायला तयार नव्हते, ऑक्सिजन बरा होता, म्हणून गोळ्यांवर ठेवलं आणि रोज सुनेला फोन करायला लावला. विडी ओढतात म्हणून दीड महिन्याने पुन्हा एक्सरे सांगितला. गणेशचवथीच्या आधी आले, गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी सुपारीचा शिपटा घेऊन, एक्सरे स्वच्छ.

तरी मी यंत्र लावलं. आधी चित्र बघितलं, फुफ्फुसाचं होतं. "बाबा, कुजबुजा." त्यांना आता हे सगळं पाठ होतं, मान वळवून माझ्याकडे बघून हसले आणि काहीतरी बरंच कुजबुजले, एक-दोन-तीनपेक्षा लांब. मला नुसती सरसर ऐकू आली, एक शब्द कळला नाही.

"कितें म्हणलें तुमी?"

"तुका आयकूंक आयलें ना न्हय?" म्हाताऱ्याने शर्टाची बटणं लावली. "मागीर बरें जाल्लां तें."

काय म्हणाले ते अजून सांगितलेलं नाही.